वाचणारीची मूठ

रोज सव्वाअकराला चहाचे कप धुऊन पालथे पडले की सुलाबाई आधी हात धुवायची. साबण लावून, पार कोपरापर्यंत. मग कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढायची, काचेवर तोंडानं वाफ सोडायची आणि पूर्वी कंदिलाची काच पुसायचे तशी ती पदराच्या टोकानं पुसायची. जेवणाचा डबा उभा करून त्याला मोबाईल टेकवायची, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा नाकावर चढवायची आणि विचारायची, "बायांनू, काल कुठं हुतो आपण?"

शेडमधल्या बावीस बायकांपैकी एकही काल आपण कुठं होतो ते विसरलेली नसायची.

"लिफ्टमधी!" राणी ओरडायची. राणी सगळ्यांत धाकटी, गेल्या वर्षीच लग्न होऊन गावात आलेली. "लिफ्ट बंद पडली हुती."

"पडली न्हवती, त्यानं पाडली," समोरून रंगुबाई म्हणायची. रंगुबाई जतच्या पलीकडची. तिला राग आला की तोंडात कानडी यायची आणि हसू आलं की मराठी.

"ते अजून आपल्याला ठाव न्हाई," सुलाबाई कडक आवाजात सांगायची आणि वाचायला लागायची.

कवठेमहांकाळकडून जतकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला लालासाहेबांची बेदाण्याची शेड होती. द्राक्षं वाळली, जाळीवरून झाडून खाली घेतली की त्यांचा बेदाणा निवडायला बायका बसत. मधे हिरवट सोन्याची रास, भोवती ताटं घेऊन बायका. काडी बाजूला, काळा बाजूला, फुटका बाजूला. दिवस उतरेपर्यंत हेच. बेदाण्याच्या साखरेचा चिकटा बोटांना असा धरतो, की कपाळावरची बट मागं सारायची तरी मनगट वापरावं लागतं. आणि हा चिकटा मोबाईलच्या काचेला लागला की पान सरकत नाही. म्हणून वाचणारीनं बेदाण्याला हात लावायचा नाही, असं ठरून गेलं होतं. पण मजुरी तर ताटावर. मग सुलाबाईचं ताट भरणार कोण?

त्याची तोड बायकांनीच काढली होती. गोष्टीचा एक भाग वाचून झाला की प्रत्येक बाई आपल्या निवडलेल्या बेदाण्यातली एक मूठ सुलाबाईच्या ताटात टाकायची. कुणी कुणाला आठवण करायची नाही. जिनं ऐकलं तिनं मूठ टाकली. एखादीचं घरच्या काळजीत लक्ष नसलं, तर ती "आज न्हाई ऐकलं गं मी" म्हणायची आणि मूठ टाकायची नाही. त्याचा राग कुणी धरायचं नाही. पण मूठ टाकली, की मग गोष्टीला नावं ठेवायची सोय राहायची नाही.

गोष्टीचं नाव 'सातव्या मजल्यावरची सून'. मोबाईलवर रोज एकेक भाग येणारी. आजवर दोनशेच्या वर भाग आलेले, आणि सुलाबाईची शेड एकशे तीसच्या आसपास पोचलेली. अधिराज नावाचा अतिश्रीमंत, न हसणारा माणूस. मीरा नावाची फुलवाल्याची मुलगी. दोघांचं एका वर्षाच्या करारावर झालेलं लग्न. करार संपायला दोन महिने उरलेले आणि दोघांपैकी कुणीही तोंड उघडून बोलत नाही. अधिराजचं घर सगळं काचेचं. बाहेर सात गाड्या.

"येवढ्या काचा पुसतं कोण?" रंगुबाईला पहिल्या भागापासून हा प्रश्न पडला होता. गोष्ट लिहिणारीनं त्याचं उत्तर अजून दिलं नव्हतं.

एप्रिलच्या एका रविवारी लालासाहेब सकाळच्या नाष्ट्याला बसले ते कपाळाला आठी घालूनच. पोह्याची ताटली त्यांनी थोडी लांब सारली.

"सूनबाई, काल सांगलीला कोल्ड स्टोरेजवर गेलतो. तिथं एकानं मला त्याचा फोन दाखवला. आपली शेड. आपल्या बाया. आणि आपली सुलाबाई वाचतीया. कुठल्या टेंपोवाल्यानं रेकॉर्ड केलंय कुणास ठाऊक." ते थांबले. "कुठली लिफ्ट, अंधार, त्याचा श्वास... पुढचं मी सांगत न्हाई, तू सून हायस. चार लोक हसत हुते गं. शेड हाय का टूरिंग टॉकीज?"

प्रियदर्शनी त्यांची थोरली सून. माहेर लोणंदचं. साताऱ्याच्या कॉलेजातून मराठी घेऊन एम.ए. झालेली, आणि आता प्राध्यापकीच्या परीक्षेचा अभ्यास करत असलेली. घरात पुस्तकांचा विषय निघाला की सगळे तिच्याकडं बघत.

"मी बघते, आबा," ती म्हणाली.

"बघ. शनिवारी मी शेडात येतो. चांगलं काय चालू आसंल तर चालू दे, माझं काय म्हणणं न्हाई. न्हाईतर त्यो मोबाईल बंद म्हंजे बंद. गप बसून निवडावं."

तिला त्यांचं पटलंच होतं. खरं सांगायचं तर तिला जरा आनंदही झाला होता. आपण शिकलो त्याचा घरात काही उपयोग होणार याचा. लहानपणी, आठवीत असताना, लोणंदला आत्याच्या ट्रंकेत तिला असल्याच प्रेमकथांचा गठ्ठा सापडला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती त्यात पार बुडाली होती. वडील शाळेत मुख्याध्यापक. एका दुपारी ते मागं येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "हे वाचतेस?" ओरडले नाहीत की पुस्तक हिसकावलं नाही. पण त्या दोन शब्दांनीच तिनं पुढची सगळी पुस्तकं निवडली होती.

सोमवारी ती एक जाडजूड कादंबरी घेऊन शेडात गेली. दुष्काळावरची, नावाजलेली. एम.ए.ला तिनं तिच्यावर निबंध लिहिला होता. सुलाबाईनं कुरकुर न करता जागा सोडली आणि स्वतः ताट घेऊन निवडायला बसली. प्रियदर्शनीनं मन लावून वाचलं. भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, वाटेकडं लागलेले डोळे. तिचा आवाज मधे एकदा भरूनही आला.

वीस मिनिटांनी रंगुबाई म्हणाली, "वैनी, एक इचारू का? ह्यात शेवटी टँकर येतो का न्हाई?"

"ते... शेवटी कळतं."

"न्हाई येत," रंगुबाई म्हणाली. "मला ठाव हाय. सकाळी सहा वाजता मी त्योच बघून आली."

कुणी हसलं नाही. प्रियदर्शनीनं मान वर करून पाहिलं तर बायकांचे हात ताटात नुसते पडले होते. कुणी खिडकीतून बाहेर बघत होतं, कुणी नखातला चिकटा काढत होतं. वाचून झाल्यावर तिच्यापुढं मूठमूठ बेदाणे पडले खरे, पण लग्नात अहेर टाकतात तसे.

दुपारी सुलाबाई जवळ येऊन बसली. "सूनबाई, हे पुस्तक मला चार दिस देता का?"

"तुम्हाला आवडलं?"

"खोटं न्हाई लिवलेलं त्यात. घरी वाचीन की. आमचे हवालदार फिरायला गेले म्हंजे." हवालदार म्हणजे तिचा नवरा तात्याबा. सैन्यातून निवृत्त होऊन त्याला वीस वर्षं झाली होती, पण ती त्याला अजून हुद्द्यानंच हाक मारायची. "पन हितं न्हाई चालायचं ते. त्याच्यावर हात थांबत्यात."

मंगळवारी प्रियदर्शनी नुसती ऐकायला बसली. शत्रूच्या गोटात काय चाललंय ते एकदा नीट बघू, अशा बेतानं. मोकळं बसणं बरं दिसेना म्हणून तिनंही एक ताट ओढून घेतलं. हाताला काम आणि कानाला आवाज. सुलाबाईचा आवाज काही गोड नव्हता. पण अधिराज बोलायला लागला की ती तो छातीतून काढायची आणि मीराच्या वाक्यांना एकदम साधी व्हायची, शेजारीण बोलावी तशी. जिथं लिहिणारीनं चार-चार ओळी डोळ्यांचं वर्णन केलेलं असायचं, तिथं तिची बोटं भराभर काच सरकवायची. "डोळे हायत त्याला, बास," असं म्हणून ती पुढं जायची.

त्या दिवशी मीरानं अधिराजसाठी पहिल्यांदा पिठलं केलं. त्यानं चमच्यानं खाल्लं.

"चमच्यानं?" राणी किंचाळली.

"शिकंल हळूहळू," सुलाबाईनं त्याची बाजू घेतली. "आईविना वाढलेलं लेकरू हाय ते."

"चाळीस गाड्यांचा मालक आन् लेकरू!"

"सात. उगं वाढवू नको."

भाग संपला. बायका एकेक करून उठल्या, मुठी टाकू लागल्या. आणि एकाएकी शेडात हशा उसळला. प्रियदर्शनीनं दचकून आपल्या हाताकडं पाहिलं. तिची मूठ सुलाबाईच्या ताटावर उघडलेली होती. बोटांमधून शेवटचे दोन बेदाणे खाली पडत होते.

"वैनींनी मूठ टाकली!" रंगुबाईनं जाहीर केलं. "अव्वा गं! आता नावं ठेवायची न्हाईत हां वैनी."

"मी आपली सगळ्यांबरोबर..." प्रियदर्शनी म्हणाली आणि तिचे कान तापले.

पिठल्यावर अधिराज काय म्हणाला ते भागात आलंच नव्हतं. ते तिथंच तोडलं होतं. घरी आल्यावर ती नोट्स घेऊन बसली, पण दर दोन मिनिटांनी तोच प्रश्न. संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढता काढता तिनं आपल्या फोनवर ते ॲप उतरवून घेतलं. फक्त पिठल्यापुरतं, असं ठरवून. अधिराज म्हणाला होता, 'मीठ कमी आहे.' आणि सगळं संपवलं होतं.

मग पुढचा भाग. मग त्याच्या पुढचा.

तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. वाक्यं कच्ची होती, उपमा घासून गुळगुळीत झालेल्या होत्या, योगायोग तर पानापानाला. हे सगळं तिला दिसत होतं आणि तरी अंगठा काचेवर वर सरकतच होता. नेमकं काय ओढतंय? तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून बघितलं: 'त्याला कळेल का?' बस, एवढंच. एका माणसाला दुसऱ्याचं मन कळेल का, या एका गोष्टीवर कुणीतरी दोनशे भाग रचले होते आणि तिला ते सगळे हवे होते. इंद्रजित, तिचा नवरा, खोलीत आला की ती फोन पालथा करून भाषाशास्त्राचं पुस्तक उघडायची. त्याला वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून बायको अशी हरवल्यासारखी झाली आहे. त्यानं आपणहून दोन दिवस चहा केला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं सुलाबाईला विचारलं, "सुलाकाकी, तुम्हाला वाचायचा नाद कधीपासून?"

"नाद कुठला? मला कामाला लावलंवतं." सुलाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "माझं माहेरबी तुमच्या लोणंदकडंच. सातवी पास हून हितं नांदायला आले. आमच्या आळीत त्यावेळी अकरा घरची माणसं मिलट्रीत. पत्र यायची आन् बायांना वाचता यायचं न्हाई. मग सगळ्या माझ्या दारात. शेजारी राहीबाई हुती. तिचा नाथाजी पंजाबात. त्याचं पत्र म्हंजे काय सांगू तुमाला... म्हस व्याली का, रेडा झाला का रेडी, आण्णांना नमस्कार, हितं थंडी हाय. संपलं. राहीबाई कागदाच्या पाठीमागं बघायची, आणिक काय लिवलंय का. तिचं तोंड बघवायचं न्हाई. एकदा मी आपलं खाली घातलं एक वाक्य. 'तुझा खोकला कमी झाला का?'"

"नाथाजीनं लिहिलंच नव्हतं?"

"त्याला ठावच न्हवता खोकला. पन राहीबाई अशी लाजली म्हनता! पदर तोंडात घालून हसली. आन् लगेच मला म्हनली, लिव उत्तर. 'खोकला बरा हाय, काळजी करू नगा.' ते मी माझ्याच हातानं लिवलं की ओ. आता आली का पंचाईत! म्हैनाभर मला झोप न्हाई. म्हटलं, ह्यो आता लिवणार, कसला खोकला, कुणी सांगितलं तुला."

"मग?"

"मग पत्र आलं. 'खोकल्याचं मला आधी कळवलं नाहीस. औषध घे. इकडून शाल पाठवतो.'" सुलाबाईनं कांद्याच्या फोडीनं ताटलीतली चटणी पुसून घेतली. "आली की शाल. लई ऊबदार हुती."

प्रियदर्शनी हसली. ही गोष्ट आपण कुणाला तरी सांगितली पाहिजे असं तिला वाटलं, आणि मग ती तिच्या मनातून गेली.

गुरुवारी शेड एकशे एकोणचाळिसाव्या भागावर आली. तो भाग प्रियदर्शनीनं घरी मंगळवारीच वाचला होता आणि तो तिला मुळीच आवडला नव्हता. गाड्या लावायच्या जागेत अधिराजचा गैरसमज होतो आणि तो मीराला थोबाडीत मारतो. ती रडते. दोन भागांनंतर तीच त्याची समजूत काढते. प्रियदर्शनीनं तेव्हा फोन बाजूला ठेवला होता आणि दहा मिनिटांनी पुन्हा उचलला होता, त्याचीही तिला वेगळी लाज वाटली होती. आता बायका काय म्हणतात ते बघायला ती कान देऊन बसली. रंगुबाई तर त्याला सोडायची नाही.

सुलाबाई वाचत होती. "'...त्याचे डोळे लाल झाले. अधिराजचा हात वर गेला...'"

ती थांबली. बाजूची बाटली उचलून तिनं घोटभर पाणी प्यायलं, झाकण लावलं.

"'...आणि त्यानं तो हात आपल्याच गाडीच्या काचेवर मारला. काचेला हितून हितवर तडा गेला.'"

"लई म्हागाची आसंल," राणी हळहळली.

"बरं झालं," रंगुबाई म्हणाली. "पुसायला एक कमी."

हशा झाला, हात चालू राहिले. प्रियदर्शनी मात्र ताट घेऊन जागच्या जागी बसून राहिली. तिला वाटलं, आपणच चुकीचं वाचलं. पाणी घ्यायचं निमित्त करून ती सुलाबाईच्या मागून गेली आणि खांद्यावरून पाहिलं. काचेवर अक्षरं स्पष्ट होती. थोबाडीत होती, गालावरची पाच बोटं होती. गाडीच्या काचेचा कुठं पत्ताच नव्हता.

घरी जाऊन तिनं मागचे भाग काढले. जे तिनं शेडात ऐकले होते तेवढेच. आणखी एक जागा सापडली. अधिराज मीराच्या वडिलांना नोकरांदेखत फुलवाला म्हणून हिणवतो ती. शेडात त्या जागी त्यानं त्यांना खुर्ची दिली होती. आणि हो, तेव्हाही सुलाबाई पाणी प्यायली होती.

का करत असेल ती असं? राणीला घरी मार बसतो का? रंगुबाईच्या मनाला लागेल म्हणून? की मूठ कमी पडेल म्हणून? प्रियदर्शनीच्या डोक्यात एकावर एक तर्क उभे राहिले, दोन तर थेट शोधनिबंधाचे. शुक्रवारभर ती सुलाबाईच्या अवतीभोवती घुटमळली. पण विचारायचं कसं? विचारायचं तर आधी सांगावं लागणार की मी मूळ गोष्ट वाचली आहे. पुढची वाचली आहे. घरी बसून, पुस्तकाआड लपवून, आत्तापर्यंत एकशे एक्याण्णव भाग. जिला ही गोष्ट बंद करायला पाठवलं होतं तिनं.

आणि उद्या शनिवार.

तिनं आबांसाठी एक वाक्य तयार केलं. 'आबा, ही स्त्रीच्या आत्मसन्मानाचा वेध घेणारी कथा आहे.' वाक्य चांगलं होतं. आबा मान डोलावतील, मोबाईल चालू राहील आणि आपलंही नाव शाबूत राहील. तिनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

शनिवारी लालासाहेब साडेअकराला आले. पांढरा सदरा, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. सुलाबाईनं वाचन थांबवलं. बावीस बायकांनी एकदम खाली माना घातल्या आणि बेदाणा कधी नव्हे एवढा बारकाईनं निवडायला लागल्या.

"थांबलात कशाला? वाचा की," लालासाहेब म्हणाले.

"इचारायचंय ते इचारा भावजी," सुलाबाई म्हणाली. "मग वाचते."

"सुलाबाई, हवालदाराची बायको तुमी. नातवंडं झाली. असलं वाचायला लाज वाटत न्हाई व्हय?"

सुलाबाईनं चष्मा काढला. तिला राग आलेला दिसत नव्हता. उलट हा काय नवा प्रश्न, अशा कुतूहलानं ती त्यांच्याकडं बघत होती.

"कशाची ओ भावजी? चोरून वाचलं आसतं तर वाटली आसती. मी तर बावीस जणींम्होरं वाचते."

प्रियदर्शनीनं हातातली काडी चुकून चांगल्या बेदाण्यात टाकली.

लालासाहेब तिच्याकडं वळले. "सूनबाई, तुला बसवलंवतं बघायला. तू सांग. चांगलं हाय का वंगाळ?"

वाक्य तयारच होतं. ते ओठांपर्यंत आलं. पण समोर सुलाबाई चष्मा हातात धरून तिच्याकडं बघत होती, आता ही काय सांगते बरं, अशी. आणि त्या नजरेपुढं 'आत्मसन्मानाचा वेध' हे शब्द एकदम लोकांच्या लग्नात मागून घातलेल्या दागिन्यांसारखे वाटायला लागले.

"मला आवडतंय, आबा," ती म्हणाली.

"चांगलं का वंगाळ इचारलं मी."

"ते मला अजून नीट सांगता येत नाही. काही ठिकाणी वाईट आहे. पण मी घरी पुढचे भाग वाचलेत. एकशे एक्याण्णवपर्यंत." तिनं ताट खाली ठेवलं. "चोरून."

राणीला राहवलं नाही. "एकशे एक्याण्णव! वैनी, मग करार मोडला का न्हाई?"

"गप!" रंगुबाईनं चिकट हातांनीच कान झाकले. "सांगायचं न्हाई! वैनी, तुमाला आईची आण!"

"ए, मला ऐकायचंय!"

"तू भाईर जाऊन ऐक!"

बावीस जणी एकदम बोलायला लागल्या. लालासाहेबांनी हात वर केला तरी गलका थांबेना. राशीतला एक बेदाणा उचलून त्यांनी तोंडात टाकला, चघळला. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून त्यांनी सुनेला विचारलं, "त्या लिफ्टचं पुढं काय झालं गं? त्या टेंपोवाल्याचं रेकॉर्डिंग तितंच संपतंय."

"सुटली दोघं," प्रियदर्शनीनं सांगितलं. "वॉचमननं दार उघडलं."

"वॉचमननं?" त्यांची जरा निराशा झालेली दिसली. मग ते ताठ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हितनं पुढं शेडात कुणी रेकॉर्डिंग केलं तर त्याची गाडी मी आत येऊ देणार न्हाई. आणि हात थांबता कामा न्हाईत. बास." वहाणा करकरत बाहेर गेल्या.

त्या दिवशी सुलाबाईच्या ताटात मुठी पडल्या त्या नेहमीपेक्षा जरा मोठ्याच होत्या. प्रियदर्शनीनं आपली मूठ सगळ्यांच्या आधी टाकली.

संध्याकाळी बायका टेंपोची वाट बघत शेडबाहेर उभ्या राहिल्या. सुलाबाई जरा लांब, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर टेकली होती. मागच्या तारेवर ताटं पुसायची धुतलेली फडकी वाळत होती. प्रियदर्शनी तिच्या शेजारी जाऊन बसली. आता विचारायला काही आडकाठी उरली नव्हती.

"काकी, एकशे एकोणचाळिसाव्या भागात त्यानं काच फोडलीच नाही."

सुलाबाई थोडी हसली. "कळलं व्हय तुमाला."

"त्यानं तिला मारलं होतं. तुम्ही ते बदललंत. रंगुबाईसाठी का? की राणीसाठी?"

"त्यांच्यासाठी?" सुलाबाईला खरंच नवल वाटलं. "त्यांना काय हुतंय? रंगुबाईनं तर त्याला तितंच शिव्या घातल्या आसत्या, मजाच आली आसती तिला."

"मग?"

सुलाबाईनं पदर सारखा केला. गालावर कसलासा रंग आला, तो उतरत्या उन्हाचाही असेल.

"मला त्यो आवडतो," ती म्हणाली. "अधिराज. त्यानं पोरीला मारलं, तर मग मला कसा आवडंल त्यो? आन् दीडशे भाग झाल्यावर मी आता दुसरा कुठनं आणू?"

प्रियदर्शनीच्या डोक्यातले दोन्ही शोधनिबंध कोसळले होते आणि त्यांच्या जागी तिला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं. ती हसली. सुलाबाईही हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं मनगटानं पुसलं.

"म्होरं हायत का आणिक तसलं?" तिनं विचारलं.

"दोन ठिकाणी. एकशे चौसष्ट आणि एकशे ब्याऐंशी."

"आदल्या दिशी सांगत जावा मग. ऐनवेळेला सुचत न्हाई मला. काच तरी किती येळा फोडायची?"

"एकशे ब्याऐंशीला तो तिला घराबाहेर काढतो."

"काढतो?" सुलाबाई विचारात पडली. "मग तिथं पाऊस घालू आपण. पावसात कुणी भाईर काढत न्हाई. बगते घरी जाऊन."

टेंपो आला. बायका एकमेकींना आत ओढून घेत होत्या. रंगुबाईनं सुलाबाईसाठी जागा धरली होती आणि तिथूनच हाका मारत होती. सुलाबाई कट्ट्यावरून उतरली, पिशवी कमरेला खोचली आणि टेंपोच्या फळीला हात घालून वर चढता चढता मागं वळली.

"सूनबाई, ती तारंवरची फडकी तेवढी आत घ्या. वारं सुटलंय."